‘एका कोळियाने’ : होडीतील रिकामी जागा

काही पुस्तकांचा अर्थ ती आपल्या हाती पडण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची म्हाताऱ्या कोळ्याची आणि समुद्राची कथा अशा पुस्तकांपैकी एक होय. पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली ‘एका कोळियाने’ ह्या नावाने ती मराठीत आणली. तेव्हापासून शाळांच्या बक्षीस समारंभांत, व्याख्यानांत आणि कधीकधी प्रवचनपीठावरूनही तिचा एकच बोध आपल्या कानांवर पडत आला आहे : माणसाने एकट्याने झुंजावे आणि खचू नये. आम्हीही ती कथा वर्षानुवर्षे तशीच वाचली. अलीकडे ती पुन्हा हाती घेतली तेव्हा मात्र आमचे लक्ष म्हाताऱ्यावरून त्याच्या होडीतील एका रिकाम्या जागेवर गेले. ती जागा एका मुलाची आहे. ती रिकामी का झाली आणि रिकामी असूनही ती कशी भरलेली राहिली, हाच ह्या कथेचा खरा विषय आहे, असे आम्हांस आता वाटते.

आपल्या मराठी वाचनाला एकटेपणाचे वळण लागण्यास अनुवादाचे सुंदर नावही थोडे कारणीभूत असावे. ‘एका कोळियाने’ हे शब्द मराठी घरांत मुलांच्या तोंडी असलेल्या एका जुन्या बालकवितेतून आले आहेत. त्या कवितेतला कोळी म्हणजे उंच जागी जाळे विणणारा, पडला तरी पुन्हा चढणारा किडा. मासे धरणारा कोळी आणि जाळे विणणारा कोळी ह्यांना मराठीत एकच शब्द आहे. हा योगायोग ओळखून पु. लं.नी साधलेली शब्दयोजना दाद देण्याजोगीच आहे. परंतु त्या नावाबरोबर कवितेचे तात्पर्यही पुस्तकाला येऊन चिकटते. भिंतीवरच्या कोळ्याला सोबती नसतो. त्याचे पडणे आणि चढणे त्याचे एकट्याचे असते. हेमिंग्वेंचा कोळी तसा नाही. त्याला सोबती आहे, आणि मूळ कथा पहिल्याच परिच्छेदात त्या सोबत्याची ताटातूट सांगते.

आम्ही हे गोंदिया जिल्ह्यात बसून लिहीत आहोत. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरांवर आहे. वसई, उत्तन, अर्नाळा येथील आपल्या ख्रिस्ती कोळी बांधवांना तांडेल आणि खलाशी हे शब्द जसे घरचे, तसे ते आम्हांला नाहीत. आमच्याकडे तलाव आहेत : नवेगावबांध, बोदलकसा, इटियाडोह आणि गावोगावचे जुने मालगुजारी तलाव. त्यांत मासे धरणारा तो ढीवर. दोघे ढीवर एका डोंग्यात असले म्हणजे एकाने डोंगा स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने जाळे सोडायचे, अशी कामाची वाटणी होते. एकाचा तोल गेला तर दुसरा पाण्यात पडतो. तेव्हा एका होडीत असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी समुद्रच पाहिला पाहिजे असे नाही. मराठीत ह्या नात्याला एक स्वतंत्र शब्द मात्र नाही. तांडेल आणि खलाशी हे शब्द हुद्दा सांगतात, नाते सांगत नाहीत. आपल्याला ‘एका होडीतले’ असेच म्हणावे लागते.

कथेतील सान्तियागो आणि मानोलिन हे असे एका होडीतले होते. मुलगा पाच वर्षांचा असताना म्हाताऱ्याने त्याला प्रथम पाण्यावर नेले. म्हाताऱ्याला मासा न मिळाल्याचे ८४ दिवस झाले आहेत. पहिले ४० दिवस मुलगा त्याच्याबरोबर होता. मग मुलाच्या आईवडिलांनी ठरविले की, म्हातारा ‘सालाओ’ आहे, म्हणजे त्याच्या नशिबाने त्याला पुरते सोडले आहे. त्यांनी मुलाला दुसऱ्या होडीवर घातले. त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले. मुलगा आज्ञेत आहे, आणि म्हातारा त्याला त्याबद्दल एका शब्दानेही दोष देत नाही. उलट, हे असेच असायचे, असे तो मान्य करतो. आपण ख्रिस्ती वाचक येथे थोडे थांबतो. आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा मुलगा पाळतो आहे. पण ज्याने आपल्याला काम शिकविले त्याला वाईट दिवसांत सोडून जाणे हेही त्याला टोचते आहे. आज्ञा आणि निष्ठा ह्यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलाने आता करावे तरी काय?

तो करतो ते अगदी लहान असते. रोज संध्याकाळी म्हातारा रिकामी होडी घेऊन परतला की मुलगा किनाऱ्यावर उतरतो आणि दोऱ्यांची वेटोळी, भाला, शीड वाहून न्यायला मदत करतो. उपाहारगृहाच्या मालकाकडून म्हाताऱ्यासाठी डब्यात जेवण आणतो. पहाटे कॉफी आणतो, आमिषासाठी सार्डिन मासे आणतो. ह्या सगळ्यांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो एक छोटा खेळ. मुलगा विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा सांगतो, मासे घातलेला पिवळा भात आहे. मुलगा विचारतो, तुमचे जाळे नेऊ का? म्हातारा म्हणतो, ने की. भाताचे भांडे नसते आणि जाळे केव्हाच विकले गेलेले असते. हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही हा संवाद रोज होतो.

आमच्या मते उपकाराविषयी इतके शहाणे पान साहित्यात क्वचितच सापडेल. धर्मग्रामात आपण गरजूंना मदत करतो. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण देणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या चुलीवर पडते तेव्हा घेणाऱ्याला काय वाटते, हे आपल्या ध्यानात येतेच असे नाही. मानोलिन चुलीकडे पाहतो आणि न पाहिल्यासारखे करतो. दोघे मिळून एका खोट्या भाताचे झाकण खऱ्या भुकेवर घालतात. त्या झाकणाखाली म्हाताऱ्याची प्रतिष्ठा शाबूत राहते आणि मुलाने आणलेला डबाही तो खाऊ शकतो. म्हाताऱ्याचा वाटाही येथे कमी नाही. मुलाचा सध्याचा मालक आपले सामान कोणालाही उचलू देत नाही. सान्तियागोने मात्र मुलाला पाच वर्षांचा असल्यापासून उचलू दिले आहे. दुसऱ्याला आपले ओझे उचलू देणे हेही एक देणे आहे, हे त्याला कळलेले आहे. आपण नम्र झालो आहोत आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, इतपत भान त्याला आहे.

आता समुद्राकडे वळू. पंचाऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच दूर जातो आणि तेथून पुढील सगळी पाने त्याच्या एकट्याची आहेत असे आपण समजतो. पण बारकाईने वाचणाऱ्याला एक गोष्ट सापडते. निघताना मुलाने त्याला दोन ताजे लहान ट्यूना मासे दिलेले असतात. म्हातारा ते सर्वांत खोल अशा दोन दोऱ्यांना लावतो आणि गळाचे टोक सार्डिनांनी झाकतो. शंभर वाव खोल तो प्रचंड मासा येऊन जे खातो, ते हेच सार्डिन आणि हाच ट्यूना. म्हणजे जगाने ज्या माशाला एकट्या माणसाच्या पराक्रमाची खूण मानले, तो मुलाने दिलेल्या आमिषाला लागलेला मासा आहे. लेखकाने ह्यावर कोठेही बोट ठेवलेले नाही. त्याने फक्त मांडले आहे आणि तो पुढे गेला आहे. ज्या होडीतून मुलाला काढून घेतले, त्या होडीत तो अशा रीतीने शंभर वाव खोल हजर आहे.

त्यानंतरच्या झुंजीत, मुलगा इथे असता तर बरे झाले असते, हे वाक्य म्हातारा पुन्हा पुन्हा उच्चारतो. पुष्कळ वाचक त्याला एकाकी मनाचा उसासा समजतात. तो उसासा आहेच. परंतु त्याची घडण पाहावी. डावा हात आखडतो तेव्हा म्हाताऱ्याला वाटते, मुलगा असता तर त्याने हा हात वरून खाली चोळून मोकळा केला असता. दोरी हाताला कापत सुटते तेव्हा त्याला वाटते, मुलगा असता तर त्याने वेटोळी भिजवली असती. ही आठवण चेहऱ्याची नाही, कामाची आहे. शेजारच्या माणसाची कमतरता नेमकी कोणत्या क्षणी, कोणत्या हालचालीत भासते, हे एका होडीत काम केलेल्यालाच कळते. दोघे बरोबर असत तेव्हा गरजेपुरतेच बोलत, कारण समुद्रावर उगाच न बोलणे हा त्यांच्यात गुण मानला जाई. मुलगा गेल्यावर बहुधा म्हातारा मोठ्याने बोलू लागला असावा, असे कथा सांगते. सोबत होती तेव्हा शांतता होती, सोबत गेल्यावर शब्द आले. दीर्घ सहवास असलेल्या पतिपत्नींनाही हे चटकन पटेल.

मुलानेही आपल्याकडून धागा सोडलेला नाही. आपल्या मालकालाही दूरवर मासेमारीला न्यावे, म्हणजे म्हाताऱ्याला मोठे काही लागले तर मदतीला येता येईल, अशी त्याची आदल्या रात्रीची खटपट आहे. मालकाला दूर जाणे आवडत नाही, त्याची नजरही अधू आहे. मग मालकाला न दिसणारे काहीतरी, माशांमागे फिरणारा एखादा पक्षी, दिसल्याचे सांगून त्याला दूर न्यायचे, असा मुलाचा बेत आहे. ही मैत्री दोन निरनिराळ्या होड्यांत राहून, एकाच समुद्रावर चालू ठेवलेली मैत्री आहे.

ह्या कथेतील श्रद्धेचा भागही आम्हांस ह्याच दृष्टीने वाचावासा वाटतो. म्हाताऱ्याच्या झोपडीत येशूच्या पवित्र हृदयाचे आणि कोब्रेच्या मरियेचे चित्र आहे. दोन्ही त्याच्या मृत पत्नीच्या ठेवी. आपण फारसे धार्मिक नाही असे म्हणत तो दहा ‘हे आमच्या बापा’ आणि दहा ‘नमो मरिया’ कबूल करतो, आणि मासा मिळाल्यास कोब्रेच्या यात्रेचा नवस बोलतो. ही मरिया कोण? क्युबातील परंपरा अशी की, सतराव्या शतकाच्या आरंभी दोन आदिवासी भाऊ आणि एक आफ्रिकी मुलगा मीठ आणण्यासाठी लहान होडीतून निपेच्या उपसागरात गेले असता त्यांना पवित्र मरियेची मूर्ती पाण्यावर तरंगताना दिसली. ती एकट्या साधूला दिसली नाही, एका होडीतल्या तिघांना दिसली. तिच्या चित्रांत ती होडी आणि ते तिघे आजही असतात. १९१६ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तिला क्युबाची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिचा सण ८ सप्टेंबरचा. त्याच दिवसाला लागून येणाऱ्या रविवारी वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा सुरू होते, आणि तिची मूर्तीही कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी आपल्याकडील आख्यायिका आहे. हेमिंग्वे यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी त्याचे पदक क्युबाच्या जनतेला अर्पण केले आणि ते कोब्रेच्या मरियेच्या मंदिरात ठेवण्यात आले. म्हाताऱ्याचा नवस लेखकाने फेडला, असे म्हणावेसे वाटते.

होडीतली सोबत म्हणजे काय हे लेखकाला पुस्तकांतून कळलेले नव्हते. त्यांच्या ‘पिलार’ ह्या बोटीवर ग्रेगोरियो फुएन्तेस नावाचे खलाशी सुमारे वीस वर्षे त्यांच्याबरोबर होते. हेमिंग्वे १९६१ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे बोट फुएन्तेस यांच्याकडे आली आणि त्यांनी ती क्युबाच्या सरकारकडे सोपविली. फुएन्तेस १०४ वर्षे जगले आणि २००२ साली निवर्तले. तेच कथेतल्या म्हाताऱ्याचे मूळ होत, असे काहीजण मानतात. आम्हांस तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. मालक गेल्यावर बोट खलाशाच्या हाती यावी, एवढी ती सोबत खरी होती, हे पुरेसे आहे.

येथे आमच्याच धर्मबांधवांशी थोडा मतभेद नोंदविणे भाग आहे. म्हातारा म्हणजे ख्रिस्त, असे समीकरण पुष्कळ वेळा मांडले जाते. त्याला आधार नाही असे नाही. हातांच्या जखमा, खांद्यावर डोलकाठी घेऊन टेकडी चढणे, वाटेत पडणे, तळहात वर करून झोपणे, ह्या खुणा लेखकाने हेतुपुरस्सर ठेवल्या आहेत. तरीही हे समीकरण घाईचे आहे. आपण फार दूर गेलो, असे म्हातारा स्वतःच कबूल करतो. माशाला मारण्यात आपला अभिमान होता की गरज, ह्याचाही निवाडा त्याला करता येत नाही. शिवाय त्याला ख्रिस्त केले की मानोलिन केवळ रडणारा शिष्य उरतो. आम्हांस ती टेकडी निराळी दिसते. झोपडीपर्यंत पोचताना म्हाताऱ्याला पाच वेळा खाली बसावे लागते. क्रूस उचलू लागणारा कुरेनेकर शिमोन त्या वाटेवर कोणी नाही. जो रोज सामान उचलायला येत असे, तो मुलगा त्या वेळी आपल्या घरी झोपेत आहे. त्या चढणीचे दुःख डोलकाठीच्या वजनात जेवढे आहे, तेवढेच ह्या गैरहजेरीत आहे.

कथेत उणे काहीच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मानोलिन जरा जास्तच चांगला आहे. तो कधी कंटाळत नाही, कधी चिडत नाही, दुसऱ्या होडीवर मिळालेल्या यशाचा त्याला क्षणभरही मोह पडत नाही. खऱ्या मुलाला तो पडला असता, आणि मग त्याची निष्ठा अधिक मोलाची ठरली असती. त्याच्या आईवडिलांना तर लेखकाने बोलूच दिलेले नाही. वडिलांना फारसा विश्वास नाही, एवढे एक वाक्य त्यांच्या वाट्याला येते. पण ४० दिवस ज्या घरात मासा आला नाही, त्या घरातल्या बापाचाही काही पक्ष असेल. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला निष्ठा ही महागडी वस्तू वाटते. तो पक्ष ऐकू आला असता तर मुलाच्या शेवटच्या निर्णयाची किंमत आपल्याला पुरती कळली असती.

तो निर्णय असा. सकाळी मुलगा झोपडीत येतो, म्हाताऱ्याचे हात पाहतो आणि रडू लागतो. रडतच कॉफी आणायला जातो. जाता येता तो रडतो आणि लोकांनी पाहिले तरी त्याला त्याची पर्वा नसते. म्हाताऱ्याला कोणी उठवू नये, असे तो सर्वांना बजावतो. किनाऱ्यावर कोणीतरी सांगाड्याचे माप घेतो, ते अठरा फूट भरते. म्हातारा जागा झाल्यावर मुलगा म्हणतो, आता आपण पुन्हा बरोबर जायचे. म्हातारा म्हणतो, माझे नशीब संपले आहे. मुलाचे उत्तर असे की, नशीब मी माझ्याबरोबर आणीन. घरचे काय म्हणतील, ह्याची आता त्याला फिकीर नाही, कारण त्याला अजून पुष्कळ शिकायचे आहे. शार्कांनी मासा खाल्ला, बाजारात विकायला काही उरले नाही. हिशेबाने पाहिले तर फेरी फुकट गेली. परंतु त्या फेरीने होडीतली जागा भरून दिली. विजय म्हणायचाच असेल तर आम्ही ह्याला म्हणू.

सान्तियागो ह्या नावाचा अर्थ संत याकोब, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिमोन पेत्राचे भागीदार होते असे म्हटले आहे. जाळी फाटू लागली तेव्हा दुसऱ्या होडीतल्या त्या सोबत्यांना खुणेने बोलाविण्यात आले. आपली ख्रिस्तसभा, एका अर्थी, अशा दोन होड्यांतल्या भागीदारीतून सुरू झाली. योहानच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस तेच जुने सोबती पुन्हा होडीत बसतात. रात्रभर काही मिळत नाही. पहाटे कोणीतरी किनाऱ्यावर उभा असतो. मग जाळ्यात १५३ मोठे मासे येतात आणि जाळे फाटत नाही. आपण प्रवचनात त्या १५३ माशांवरच भर देतो. पण ते सोबती किनाऱ्याला लागतात तेव्हा निखारे आधीच पेटलेले असतात. त्यांवर मासळी ठेवलेली असते आणि भाकरही असते. म्हणजे त्यांचे मासे येण्यापूर्वीच त्यांची न्याहारी तयार आहे. जाळे रिकामे आले असते तरी ती न्याहारी होतीच. ते वाचले की मुलाने आणलेल्या कॉफीचा अर्थ आम्हांस उलगडतो. म्हाताऱ्याचे हात रिकामे आहेत, आणि कॉफी गरम आहे.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. पण रोवणीला एका बांधीत वाकलेल्या बाया आहेत, भाताच्या गिरणीत एकच पोते दोघांनी उचलणारे हमाल आहेत, विड्या वळताना वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्या कामकरणी आहेत. त्यांतला एखादा थकतो, एखादीची नजर जाते, एखाद्याला मुकादम घेईनासा होतो. लोक म्हणतात, त्याचे दिवस फिरले. त्याच्याबरोबर काम केलेले बाकीचे दुसऱ्या ठिकाणी जातात, आणि त्यांना जावेच लागते. प्रश्न त्यांच्या जाण्याचा नाही. संध्याकाळी परत येताना ते त्याच्या दारावरून कसे जातात, हा आहे. ‘एका कोळियाने’ पुन्हा वाचताना प्रत्येक घराने स्वतःला एवढेच विचारावे : ज्याच्या होडीत आपण काम शिकलो, त्याच्याकडे आज सकाळी कॉफी घेऊन कोण गेले?